आमच्या फियाटचे तीन रंग

२०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या जुन्या घराच्या बोळात पाच दिवस पाणी होतं. ते ओसरल्यावर आधी घर धुतलं, गाद्या गच्चीवर टाकल्या आणि गाडीकडे सगळ्यात शेवटी वळलो. दाराच्या हँडलपर्यंत चिखलाची रेघ उठली होती. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, डिकी उघडून आत साठलेलं पाणी मगाने उपसलं, चारही दारं उन्हात उघडी ठेवली, बॅटरी काढली. ‘इंजिन फिरवायचं नाही,’ एवढंच मला म्हणाले. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यानंतर गाडी तशीच उभी राहिली. २०२१ मध्ये अण्णा गेले.

गाडी म्हणजे १९७८ची प्रीमियर पद्मिनी. आमच्या घरात तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची ती फियाटच्या अकराशे मॉडेलवरूनच, आणि पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये येईपर्यंत लोकांच्या तोंडात फियाट पक्कं बसलं होतं. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक हॉर्सपॉवर, स्टिअरिंगलगत गिअरचा दांडा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. अण्णा बँकेत होते. पैसे भरून, नंबर लावून, काही वर्षं थांबून त्यांनी ती घेतली होती.

ती पुन्हा रस्त्यावर आणायची, यावर आम्हा भावंडांत एका क्षणाचंही दुमत नव्हतं. दुमत होतं ते कशी आणायची यावर. ते इतकं वाढलं की दोन महिने मी आणि धाकटा गाडीखेरीज दुसऱ्या विषयावर बोललोच नाही, आणि जे बोललो ते तोडून. त्या चौदा महिन्यांत मला गाड्यांबद्दल जे कळलं ते आधीच्या चाळीस वर्षांत कळलं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं सरळ होतं. गाडी शोरूममधून बाहेर पडली त्या दिवशी दिसत होती तशी दिसली पाहिजे. नवा रंग, चकचकीत बंपर, नवं रेक्झिन. अण्णांच्या गाडीला तेच शोभेल.

धाकट्याचं म्हणणं मला आधी समजलंच नाही. तो मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो, डेट्रॉइटच्या शेजारी. २०२२च्या ऑगस्टमध्ये मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो मला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर घेऊन गेला. तिथे १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची फेरी निघते. फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत सोळा मैल नुसत्या गाड्या, आणि दुतर्फा घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली माणसं. आपल्याकडे पालखी बघायला सकाळपासून जागा धरतात तशी.

तिथे फोर्डची एक लाल मस्टँग होती. मालकाने बोनेट उघडून ठेवलं होतं आणि आत फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर, खडूच्या एक-दोन खुणा दिसत होत्या. मला वाटलं, पुसायच्या राहिल्या. धाकट्याने सांगितलं, कारखान्यात तपासनीस अशा खुणा करायचे. गाडी पूर्ण नव्याने बांधल्यावर त्या खुणाही जुने फोटो बघून परत काढल्या आहेत. मी तिथेच ठरवलं, अण्णांची गाडी अशीच करायची.

धाकटा मात्र मला पुढे ओढत होता. त्याला दाखवायचा होता तो एक ट्रक. शेव्हरोलेचा सी-टेन, साठीच्या दशकातला, आपल्याकडच्या पिकअपसारखा मागे उघडा हौदा असलेला. रंग उडालेला, छतावर गंज, आणि दारावर कुठल्यातरी प्लंबरच्या दुकानाचं नाव, निम्मी अक्षरं विटून गेलेली. हात लावला तर काचेसारखा गुळगुळीत! गंजावरूनच पारदर्शक लॅकर मारलं होतं. गाडी जमिनीलगत बसवली होती आणि बोनेटखाली नवंकोरं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन. मालक आजोबांच्या वयाचे होते. त्यांनी समजावून सांगितलं की रंग काय, कधीही नवा मारता येतो. पण पन्नास वर्षं उन्हात उभं राहून जो रंग असा झालाय तो एकदा खरवडला की पुन्हा कुणाला तयार करता येत नाही. धाकटा त्या दाराशी पंधरा मिनिटं उभा होता. ‘दादा, अण्णांची गाडी अशी ठेवू या,’ तो म्हणाला. ‘वरून जशी आहे तशी. चिखलाची रेघसुद्धा राहू दे. आत नवं इंजिन टाकू.’

मला ते पटलं नाही. घरच्या गाडीवर गंज मिरवायचा, ही कल्पनाच मला सहन होईना.

तिसरी बाजू भाच्याची. ताईचा मुलगा, बावीस वर्षांचा, इचलकरंजीला असतो. त्याने मोबाइलवर गाडीचं चित्र करून पाठवलं. मॅट काळा रंग, रुंद अलॉय चाकं, गाडी चार बोटं खाली, आत लाल सीट. ‘मामा, उभी राहिली ना, माणूस वळून बघणार,’ तो म्हणाला. कोल्हापूर-सांगली भागात वाढलेल्या पोराला हे वाटणं मी समजू शकतो. गळिताच्या हंगामात ऊस घेऊन जाणारा ट्रॅक्टर आमच्याकडे कधी साधा जात नाही. दिवे, झिरमिळ्या, स्पीकर, मडगार्डवर नाव. गाडी सजवायची ही रीतच आहे इथली.

२०२२च्या दिवाळीनंतर गाडी टोइंग करून शिवाजी उद्यमनगरात नेली. ज्यांना उद्यमनगर माहीत नाही त्यांना सांगतो, तिथे लेथवर बनत नाही असा सुटा भाग फार थोडा. बाजारात बुश मिळत नाही म्हटलं की मिस्त्री जुना बुश खिशात घालून दोन गाळे पलीकडे जातात आणि तासाभरात नवा घेऊन येतात. आमचे मिस्त्री सत्तरीचे, हयात फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर खोलण्यात गेलेली. डेंटर त्यांच्या शेजारच्याच गाळ्यात. त्यांनी आधी वीसेक वर्षं ट्रकच्या बॉडी बांधल्या होत्या.

पहिल्याच दिवशी मी डेंटरना म्हटलं, सगळं ओरिजिनल पाहिजे. ते टोकदार हातोडीने फ्लोअरचा पत्रा ठोकून बघत होते, कुठे ‘ठण’ वाजतोय आणि कुठे ‘भद्द’. हात न थांबवता म्हणाले, ‘ओरिजिनल म्हंजे कुठलं, साहेब? आमच्या ट्रकच्या धंद्यात तर ओरिजिनल असं काय नसायचंच. कंपनीकडनं चासी यायची. इंजिन, बोनेट, पुढचा काचेपातूरचा भाग. डायवर लाकडाच्या खोक्यावर बसून चालवत आणायचा. केबिन आमची, हौदा आमचा, रंग मालकाच्या मर्जीचा. एका दिवशी दोन टाटा आल्या तरी बाहेर पडताना सख्ख्या भावासारख्या दिसायच्या न्हाईत.’

मी त्यावर काही बोललो नाही. ट्रकचं वेगळं, कारचं वेगळं, असं मनाशी म्हणालो. पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

फ्लोअरचा पत्रा दोन्ही बाजूंनी सडला होता. दारांखालच्या पट्ट्या बोटाने फुटत होत्या. डिकीच्या झाकणाची खालची दुमड तर आतून पूर्ण गेली होती. पुराचं पाणी त्या घडीत साठलं आणि तीन वर्षं सावकाश खात बसलं. बाकीचा पत्रा मात्र दणकट. आजच्या गाडीला अंगठ्याने दाबलं तर पत्रा आत जातो. हिच्या मडगार्डवर मी लहानपणी उभा राहिलो आहे.

जानेवारीत पेंटरचाचा आले. ते म्हणाले, रंगाची शेड ठरवायच्या आधी खाली काय काय आहे ते बघू. डिकीच्या झाकणावर, कुलपाच्या डाव्या हाताला, त्यांनी पाण्याचा हात मारला आणि वॉटर पेपर फिरवायला सुरुवात केली. जोर न लावता, गोल गोल, मधूनमधून पाणी शिंपडत. आधी पांढरं दुधासारखं पाणी ओघळलं. दहा मिनिटांनी त्या पांढऱ्याच्या मधोमध एक पिवळसर ठिपका उघडा पडला. मलईचा रंग. तो बघून मला भरून आलं, कारण माझ्या लहानपणीची फियाट याच रंगाची होती. मी चाचांना म्हटलं, ‘हाच. हाच मूळ रंग.’ ते थांबले नाहीत. पेपर बदलला, बारीक घेतला आणि हात चालूच ठेवला. मलईच्या मधे निळं दिसायला लागलं. आकाशी, थोडी हिरवट झाक असलेलं. त्याखाली तांबडा प्रायमर, आणि सगळ्यात आत नाण्याएवढा चकाकता पत्रा. मग त्यांनी फडक्याने पुसलं. बशीएवढ्या जागेत पांढरं, मलई, आकाशी, तांबडं, अशी एकात एक वर्तुळं. कापलेल्या ओंडक्यावर असतात तशी.

‘तीन वेळा रंगलीय,’ चाचा म्हणाले. ‘कंपनीचा हा निळा. याच्या खाली पुट्टी नाही. बाकी दोन बाहेरचे.’

मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. धाकट्याचा लगेच फोन. त्याला वाटत होतं, गाडी पहिल्यापासून पांढरी. तो नऊ वर्षांचा असताना, १९९७ मध्ये, ताईच्या लग्नाच्या आधी अण्णांनी ती पांढरी केली होती. त्याच्या आठवणीत दुसरा रंगच नाही. माझ्या आठवणीत मलई, कारण १९८६ मध्ये निपाणीच्या रस्त्यावर एका बैलगाडीला घासून सगळी बाजू गेली आणि तेव्हा अण्णांनी पूर्ण गाडी रंगवून घेतली. मी सहा वर्षांचा होतो. आम्ही दोघं इतके महिने ‘मूळची’ म्हणून ज्या गाडीसाठी भांडत होतो ती माझी वेगळी होती आणि त्याची वेगळी.

संध्याकाळी आईला फोटो दाखवला. तिने चष्मा लावला, मोबाइल लांब धरून बघितला आणि म्हणाली, ‘मग? आकाशीच होती की. बँकेच्या दारात आणून उभी केली तेव्हा सगळा स्टाफ बाहेर आला होता.’ ताईला फोन केला तर तीही तेच म्हणाली. शाळेत तिला सगळ्या ‘निळ्या गाडीवाली’ म्हणायच्या. ‘मला कुणी विचारलंच नाही,’ ती म्हणाली. खरंच विचारलं नव्हतं. गाडीचं बोलणं म्हणजे आम्हा दोघा भावांचं, असं आम्ही धरून चाललो होतो, आणि त्याची मला आजही खंत आहे. नंतर कपाटातून आरसी बुक काढलं. रंगाच्या रकान्यात विटक्या शाईत ‘ब्लू’ लिहिलेलं होतं.

रंगाचा प्रश्न माझ्यापुरता तिथे सुटला. धाकट्याचा नाही सुटला. त्याचं म्हणणं, हे वर्तुळ दिसल्यावर तर अजिबात रंगवू नये. तीनही थर अण्णांनी चढवले, तीनही त्यांचेच. त्यातला एक निवडून बाकीचे दोन खरवडायचा आपल्याला काय अधिकार? याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की मिशिगनमधला ट्रक गॅरेजमध्ये झाकून ठेवतात आणि ऊन पडलं की बाहेर काढतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं. उघड्या पत्र्यावर लॅकर मारलं तरी कडांतून ओल आत जाते आणि लॅकरखाली गंज चालत राहतो. चाचांनीही तेच सांगितलं. पुट्टीवर आणि सडक्या पत्र्यावर लॅकर टिकत नाही, दोन पावसाळ्यांत पापुद्रे निघतील. धाकट्याने ऐकलं, पण त्याला ते आवडलं नाही आणि त्याने ते लपवलंही नाही.

इंजिनावरून वाद झाला तो याहून कडक. धाकटा आणि भाचा दोघं एका बाजूला. नव्या छोट्या कारचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवायचा, एसी बसवायचा, म्हणजे आईला घेऊन पुण्याला जाता येईल. असं केलेल्या फियाट आहेत आणि चांगल्या चालतात, हे मला मान्य आहे. पण इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नोंद. २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही स्पष्ट केलं आहे की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये बसत नाही. शिवाय २०२१च्या जुलैमध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत फेरफार केलेला असेल तर मिळत नाही. आमची गाडी २०२८ मध्ये पन्नास वर्षांची होईल. आज इंजिन बदललं की ती वाट बंद.

धाकट्याने लगेच उलट मुद्दा काढला आणि तो चुकीचा नव्हता. त्या नंबरावर गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. ‘मग आईला भाजीला कशातून नेणार?’ तो म्हणाला. मी म्हटलं, तो नंबर घ्यायचा की नाही ते २०२८ मध्ये ठरवू. आज फक्त दार उघडं ठेवू.

शेवटी मिस्त्रींनी इंजिनाचं हेड उतरवलं तेव्हा निकाल लागला. दोन सिलिंडरच्या भिंतींना गंजाचे चट्टे होते, पण रॉड सरळ, क्रँक चांगला. बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घातले, हेडला फेसिंग मारलं, व्हॉल्व्ह घासले. ‘पुराचं पाणी गेल्यालं इंजिन आणि रॉड सरळ,’ मिस्त्री म्हणाले. ‘कुणी तरी हात आवरलाय.’ मी त्यांना अण्णांचं सांगितलं.

आतल्या काही गोष्टी मात्र मी स्वतःहून बदलल्या आणि कुणी नको म्हटलं असतं तरी बदलल्या असत्या. पुरात भिजलेलं सगळं वायरिंग काढून नवं घातलं, हेडलाइटला रिले दिले. डायनमोच्या जागी अल्टरनेटर. स्पार्क प्लगांना वीज वाटणाऱ्या डेल्कोच्या झाकणाखाली पॉइंट-कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. वरून काहीच कळत नाही आणि सकाळी गाडी एका चावीत उठते. पुढे-मागे सीटबेल्ट. ब्रेक ड्रमचेच ठेवले, पण मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, नळ्या, लायनर एकूण एक नवं. कुणी शुद्धतेच्या नावाखाली जुन्या गाडीत चाळीस वर्षांची ब्रेकची नळी ठेवत असेल तर ते मला मुळीच मान्य नाही. त्या गाडीत माणसं बसतात.

मे महिन्यात भाच्याने मला त्याच्या मित्राची फियाट बघायला इचलकरंजीला नेलं. मॅट काळी, खाली बसवलेली, दुसरं इंजिन. मी मन तयार करून गेलो होतो की बघायचं आणि परत यायचं. पण तो मुलगा, मागावर काम करणाऱ्या घरातला, मला गाडीखाली झोपवून दाखवत होता. इंजिनाचे माउंटिंग ब्रॅकेट त्याने स्वतः बनवले होते. वेल्डिंगची शिवण एकसारखी, कुठे थेंब सांडलेला नाही. गाडी खाली घेताना अनेक जण पुढच्या स्प्रिंगा सरळ कापतात आणि मग गाडी खड्ड्यात आपटते. याने मापाने छोट्या स्प्रिंगा बनवून घेतल्या होत्या, मागच्या कमानपाट्यांना ठोकळे दिले होते आणि शॉक-अ‍ॅब्झॉर्बर त्या उंचीचे शोधले होते. दोन वर्षं आणि बहुतेक सगळा पगार. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वस्त्यांत असंच झालं होतं, हे मला धाकट्याने सांगितलेलं आठवलं. १९५८ मध्ये तिथे कायदा आला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमपेक्षा खाली नको, तर पुढच्याच वर्षी एकाने विमानाचे हायड्रॉलिक पंप बसवून गाडी हवी तेव्हा वर, हवी तेव्हा खाली केली. लो-रायडर, म्हणजे अशा खाली बसवलेल्या गाड्यांची कला त्यातून आणखी वाढली.

ती काळी गाडी मला आवडली का? नाही. ती रुंद चाकं त्या नाजूक मडगार्डांखाली मला अजूनही खटकतात, आणि पद्मिनीचं तोंड हसरं आहे, त्याला राग शोभत नाही. कागदांचा प्रश्नही आहेच, आणि तो मी त्या मुलाला काळजीने सांगितला. पण त्या मुलाने गाडीवर जेवढा जीव लावला होता त्यापेक्षा जास्त मी लावला होता असं मला म्हणता येईना. परतताना भाच्याला म्हटलं, तू स्वतःची गाडी कर, मी खर्चाला हातभार लावतो. त्याने मागच्या वर्षी एक जुनी मारुती आठशे घेतली आहे. तिचं काय करायचं ते तो ठरवेल.

पावसाळ्यात काम जवळजवळ थांबलं. हवेत ओल असताना रंग मारला तर त्यावर पांढुरकी झाक येते, त्यामुळे चाचा हात लावायला तयार नव्हते. त्याच काळात एक नुकसान झालं. बंपर आणि बाजूच्या पट्ट्या क्रोमसाठी दिल्या होत्या. तिथे जुनं पॉलिश काढताना डिकीवरचं ‘पद्मिनी’ हे नाव इतकं घासलं की अक्षरांच्या कडाच गेल्या, आणि एक पट्टी हरवली ती हरवलीच. चूक कुणी मान्य केली नाही. मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, प्लेटिंगला देण्याआधी प्रत्येक तुकड्याचा फोटो काढा, तुकडे मोजा, आणि नावाची अक्षरं शेवटच्या बॅचमध्ये, स्वतः समोर उभं राहून करून घ्या.

ते नाव आणि डिकीचं नवं झाकण शोधायला ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईला गेलो. झाकण दुरुस्त होणार नाही, असं डेंटरनी स्वच्छ सांगितलं होतं. कुर्ल्याच्या भंगार बाजारात तीन दिवस फिरलो. ज्या कुर्ल्यात गाडी बनली तिथेच. तेच दिवस नेमके काळी-पिवळी पद्मिनी मुंबईतून जायचे होते. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून एकही रस्त्यावर राहिली नाही. सगळ्या बातम्यांत तेच होतं. धाकट्याने रात्री फोन केला. भांडणानंतर पहिल्यांदा आम्ही तासभर बोललो. दादरला उतरल्यावर मामाकडे जायचो ती टॅक्सी, तिचं मीटर बाहेर डाव्या बाजूला, ड्रायव्हरने हात काढून ते खाली पाडायचं. त्याला सगळं आठवत होतं.

झाकण मिळालं ते एका मोडीत काढलेल्या टॅक्सीचं. काळं कुळकुळीत, आतून एक ठिपका गंज नाही. म्हणजे सगळं ओरिजिनल पाहिजे म्हणणाऱ्या माझ्या गाडीच्या पाठीला आज मुंबईच्या टॅक्सीचं झाकण आहे आणि आकाशीखाली काळा रंग आहे. डेंटरना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘पत्रा चांगला हाय ना? बास.’

रंग नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाला. शेड जमवायला चाचांनी चार दिवस घेतले. संगणकावर जुळवलेला रंग त्यांना पसंत पडेना. तो जुन्या झाकणावरच्या त्या निळ्या कड्याशेजारी धरला की जास्त स्वच्छ दिसायचा. मग हिरव्याचा आणि काळ्याचा थेंब थेंब टाकत, पुठ्ठ्यावर मारून, वाळवून, उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे बघत त्यांनी तो आणला. मेटॅलिक मारू का, असं सुरुवातीला त्यांनीच विचारलं होतं, कारण त्यांना स्वतःला चमक आवडते. पण एकदा साधा ठरल्यावर त्यांनी त्यात एवढीशीही चमक येऊ दिली नाही.

आतल्या बाबतीत धाकट्याचं मी ऐकलं, आणि त्याचं मला समाधान आहे. स्टिअरिंगच्या चाकाला दहा आणि दोनच्या जागी बारीक तडे गेले आहेत, अण्णांचे हात जिथे असायचे तिथे. मी ते भरून घेणार होतो. तो म्हणाला, ‘दादा, एवढं तरी नको.’ ते तसेच आहेत. सीटचं रेक्झिन मात्र बदलावंच लागलं, पुराचा वास जात नव्हता. घड्या आणि शिलाईच्या रेघा जुन्या खोळीवर मोजून कुशनवाल्याने तशाच घातल्या.

जानेवारी २०२४ मध्ये धाकटा आला. स्टेशनवर मी गाडी घेऊन गेलो होतो. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, छतावरून हात फिरवला, काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘सुंदर झालीय. पण ही माझी गाडी नाही वाटत.’ मला वाईट वाटलं, पण तो खोटं बोलला असता तर जास्त वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आईला पुढे बसवून आम्ही पन्हाळ्याला गेलो. चालवत तो होता. स्टिअरिंगवरचा गिअर त्याने कित्येक वर्षांत हातात धरला नव्हता. पहिल्या दोन चौकांत दांडा अडला, मग हाताला सापडला. स्वतःकडे ओढून खाली, दुसरा. वाघबिळाच्या चढाला तापमानाचा काटा वर जायला लागला तसं त्याने मला न विचारता गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं आणि अण्णा उभे राहायचे तसा रेडिएटरपासून दोन हात लांब उभा राहिला. रेडिएटरच्या झाकणाला लगेच हात लावायचा नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. आईने थर्मासमधला चहा काढला.

डिकीचं जुनं झाकण त्याने मागून घेतलं. वर्तुळाचं. सडलेली दुमड डेंटरकडून सरळ कापून घेतली, बाकी काही करू दिलं नाही. फक्त वर्तुळावर आणि पांढऱ्या रंगावर लॅकरचे दोन हात. चिखलाची रेघ त्यावर नव्हती, ती दारांवर होती आणि रंगाखाली गेली, हे त्याने दोनदा बोलून दाखवलं. विमानात ते न्यायला परवानगी मिळाली नाही. म्हणून सध्या ते आमच्या माजघरात, अण्णांच्या फोटोच्या खालच्या भिंतीला टेकून ठेवलंय. त्यावर फडकं मारायचं नाही, असं त्याने जाताना आईला बजावलं आहे, आणि पुढच्या खेपेला येताना लाकडी खोकं बनवून घ्यायला माप लिहून नेलं आहे.